आत्याचं लाल इंजेक्शन

आमच्या वडगावात दवाखान्यात गेलेलं माणूस सुई टोचून घेतल्याबगर सहसा बाहेर पडत नाही. नुसती गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली की चेहरा उतरतो. "डॉक्टर, ताकदीचं एक मारा की!" मग कंपौंडर तपकिरी काचेची इवलीशी बाटली काढतो, तिची मान टचकन मोडतो आणि सिरिंजमध्ये लालभडक पाणी चढतं. रक्तासारखं दिसतं, म्हणजे रक्त वाढवत असणार, असा सगळ्यांचा साधा हिशोब.

ते असतं बी-१२ जीवनसत्त्व. रक्ताचा लाल रंग लोहाशी जोडलेला, तर याच्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो. बाटली तपकिरी असते, कारण यातलं मिथाइलकोबालामिन उजेडात बिघडतं.

बी-१२ कुठलंही झाड बनवत नाही, प्राणीही बनवत नाही. ते बनवतात फक्त जिवाणू आणि त्यांच्यासारखे सूक्ष्मजीव. म्हशीच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि दुधातून आपल्याला मिळतं. मासे, अंडी, मटणातही असतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा कितीही पौष्टिक असो, बी-१२ च्या बाबतीत ताट रिकामंच. चहात घातलेल्या दोन चमचे दुधावर दिवस काढणाऱ्या बायका आमच्या गल्लीत काही कमी नाहीत.

खाल्लेलं बी-१२ अंगी लागण्याची वाट मात्र फार अरुंद आहे. ती सापडली कशी, हा किस्सा जरा किळसवाणा आहे, पण सांगतोच. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं, की एका जीवघेण्या रक्तक्षयाचे रोगी रोज भरपूर काळीज, म्हणजे जनावराचं यकृत, खाऊन बरे होतात. मग विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरनं स्वतः ३०० ग्रॅम खिमा खाल्ला, तासाभरानं ओकून काढला आणि नळीनं रोग्यांच्या पोटात सोडला. रोगी सुधारले. तोच खिमा थेट दिल्यावर मात्र काही फरक पडत नव्हता. म्हणजे निरोगी जठरात असं काहीतरी होतं, जे रोग्यांच्या जठरात नव्हतं. आज आपण जाणतो, की ते एक प्रथिन आहे. ते बी-१२ ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचवतं. एका जेवणातून ते जेमतेम दोन मायक्रोग्रॅम पार करतं. आपली रोजची गरजही साधारण तेवढीच.

सुई ही या वाटेला काढलेली आडवाट. ज्याची वाट बंद पडली आहे, त्याला ती हवीच. ज्याची वाट चालू आहे, त्याच्या दंडात १००० मायक्रोग्रॅम गेले तर बराचसा भाग एकदोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. आणि १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतला साधारण एक टक्का त्या प्रथिनाच्या मदतीशिवायही आत झिरपतो. एक टक्का म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, गरजेच्या चार-पाचपट! म्हणून पुष्कळ रोग्यांना गोळीही पुरते.

"पण टोचल्या टोचल्या हुशारी वाटते त्याचं काय?" वाटते खरी, पण ती बी-१२ ची नव्हे. खरी कमतरता असली तरी रक्तात नव्या पेशी दिसायला तीनचार दिवस लागतात, हिमोग्लोबिन भरून यायला काही आठवडे. तासाभरात येते ती दवाखान्यातल्या बाकावर टेकल्याची आणि कुणीतरी आपल्याकडे बघितल्याची हुशारी. तीही खोटी नसते म्हणा.

आता आमची आत्या. अर्धं आयुष्य यंत्रमागापाशी उभी, साखरेसाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन, वर रोज अ‍ॅसिडिटीची गोळी. या दोन्हींनी बी-१२ शोषणं कमी होतं. पायात मुंग्या येऊ लागल्या, चप्पल पायातून कधी निसटली ते कळेना. जवळच्या दवाखान्यात आधी लाल इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला पाठवलं! रिपोर्ट आला २००० च्या वर. "बी-१२ भरपूर आहे, मुंग्या साखरेच्या," म्हणून विषय मिटला. खरं तर तो रिपोर्ट आत्याचा नव्हता, आदल्या दिवशीच्या सुईचा होता.

(ड जीवनसत्त्वाची सुई याहून वेगळी. ते चरबीत विरघळतं, लघवीवाटे सहज जात नाही. सहा लाख युनिटची सुई दर महिन्याला मागून घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात. आणि सुई कुठलीही असो, पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगायला लाजू नये. गुजरातेत मोडासा इथं २००९ मध्ये वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी पसरला आणि माणसं दगावली.)

दोन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तोच कागद हातात घेतला आणि वरचा आकडा सोडून खालची ओळ वाचली. तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान ११२. ते ८० ते १०० असायला हवं. बी-१२ कमी पडलं की पेशी वेळेवर विभागत नाहीत, फुगलेल्याच रक्तात उतरतात, आणि पुढं सुमारे १२० दिवस फिरत राहतात. एका सुईनं वरचा आकडा फुगवला, पण पेशी काही रातोरात लहान झाल्या नव्हत्या.

बी-१२ कमी पडून मज्जातंतूंना त्रास झाला असेल तर सुरुवात सुईनंच करतात. आत्याला आधी दिवसाआड, मग महिन्यातून एक अशी रीतसर इंजेक्शनं झाली. मुंग्या थांबायला तीन महिने लागले. डाव्या अंगठ्याला अजून चप्पल नीट कळत नाही.