तारतम्य

तारतम्य (नाम, नपुंसकलिंगी) म्हणजे काय, किती आणि कुठवर याची समज. शब्द संस्कृतातून आला तो थेट व्याकरणातून. ‘लघु, लघुतर, लघुतम’ यांतले तर आणि तम हे दोन प्रत्यय जोडून ‘तरतम’ आणि त्याचे भाववाचक रूप ‘तारतम्य’. पाणिनीने अष्टाध्यायीत (१.१.२२) या दोन्ही प्रत्ययांना मिळून ‘घ’ अशी संज्ञा दिली आहे. नुसत्या प्रत्ययांपासून शहाणपणाचा शब्द घडावा, हे क्वचितच दिसते. मूळ अर्थ फक्त श्रेणी, कमी-अधिकपणा. मराठीत ‘तरतमभाव’ हा शब्द अजून त्या अर्थाजवळ आहे.

विवेकाशी याची गल्लत होते. विवेक निवडतो: हे खरे, हे खोटे, हे घ्यावे, हे टाकावे. तारतम्याचा प्रश्न त्यानंतरचा असतो. थट्टा करावी का, हे ठरले तरी कोणाची, कोणासमोर आणि किती, हे उरतेच. लग्नाच्या पंगतीत खपणारा विनोद दहाव्याला खपत नाही. आहेराचेही तसेच. सख्ख्या भाचीला द्यायचे आणि शेजाऱ्यांच्या मुलीला द्यायचे यांत फरक करावा लागतो, पण तो डोळ्यांवर येईल इतका करून चालत नाही. याचे कोष्टक कुठे मिळत नाही.

तारतम्य बाळगतात, राखतात, ते सुटते. ‘तारतम्याने घ्या’ असा सल्ला देतात. तरी हा शब्द बहुधा ते नसतानाच आठवतो: ‘बोलायचं काही तारतम्य?’ अमुक माणसाला फार तारतम्य आहे, अशी स्तुती त्या मानाने कमीच ऐकू येते.

शेजारच्या भाषांत शब्द तोच असला तरी अर्थ फिरला आहे. हिंदीत तारतम्य म्हणजे क्रम, सलगपणा. तिथे विचारांचे तारतम्य तुटते म्हणजे धागा तुटतो. मल्याळममध्ये ‘तारतम्यम्’ म्हणजे तुलना. कर्नाटकातले तत्त्वज्ञ मध्वाचार्य यांच्या द्वैतमतात, म्हणजे जीव आणि ईश्वर वेगळे मानणाऱ्या मतात, देव आणि जीव यांची चढती-उतरती श्रेणी म्हणजे तारतम्य. विष्णू सर्वोच्च, मग लक्ष्मी, मग ब्रह्मा-वायू. त्यांच्याच मुलखातल्या कन्नडमध्ये आज या शब्दाचा रूढ अर्थ आहे भेदभाव. म्हणजे ‘तारतम्य बाळगा’ ही मराठी सूचना शब्दशः कन्नडात नेली, तर लोकांना भेदभाव करायला सांगितल्यासारखे होईल.