झाकण बदललं, दिवा विझला, पण गळती?

‘चेक इंजिन’चा दिवा लागला आणि स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाड वाचणारं यंत्र) पी०४५६ हा बिघाडाचा कोड दिसला, की सल्ला ठरलेला: पेट्रोलच्या टाकीचं झाकण बदला. झाकण आधी तपासावंच, त्याचं रबर चिरलेलं असू शकतं. पण कोड झाकणाचं नाव घेतच नाही. टाकी, नळ्या, कोळशाचा कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ शोषणारा डबा), पर्ज व्हॉल्व्ह (ती वाफ इंजिनात सोडणारा) आणि व्हेंट व्हॉल्व्ह (बाहेरची हवा आत घेणारा) या वाफ कोंडून ठेवणाऱ्या बंद व्यवस्थेत कुठेतरी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाइतकी गळती आहे, एवढंच तो सांगतो. (पी०४४२ असेल तर १ मिलिमीटरच्या आसपास.)

इतकं बारीक भोक दिसत नाही, वासही येईलच असं नाही. म्हणून धुराची चाचणी. व्हेंट व्हॉल्व्ह बंद करून १ पीएसआयहूनही कमी दाबाने धूर सोडायचा आणि टॉर्च घेऊन शोधत बसायचं. कॉम्प्रेसरची हवा थेट लावण्याचा उद्योग मात्र नको: जास्त दाबाने भाग फुटतात, आणि आत पेट्रोलची वाफ असते. पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या त्या तोंडाला बोट लावा. इंजिन चालू आणि व्हॉल्व्ह बंद असताना ओढ जाणवली, तर तोच गळतोय. चिरलेली नळी बदलायची, टेप गुंडाळायची नाही.

मग झाकण बदलल्यावर दिवा विझतो कसा? कोड पुसला म्हणून. गाडी स्वतःची गळतीची तपासणी बहुधा थंड इंजिन आणि ना रिकामी ना काठोकाठ भरलेली टाकी असतानाच करते. तो योग जुळेपर्यंत काही दिवस जातात, आणि तोवर श्रेय झाकणाला मिळून गेलेलं असतं.