रेल्वे-बांधणी (शहर उभारणीच्या गेममधली)

शहर उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये गेमनं दिलेल्या तयार रूळ-स्टेशनांवर न थांबता खऱ्यासारखी दिसणारी, आणि जमलं तर खऱ्यासारखी चालणारी रेल्वे उभी करणं म्हणजे रेल्वे-बांधणी. खेळणारे एवढं लांबडं नाव घेत नाहीत, 'ट्रॅक टाकतोय' नाहीतर 'यार्ड करतोय' म्हणतात आणि त्यात सगळं आलं : रुळांची मांडणी, इंजिन-डब्यांची मॉडेलं, शिवाय गाड्या ज्या हिशेबानं पळतात तो हिशेबच मॉड (गेम बदलणारी, खेळणाऱ्यांनीच केलेली जोडणी) टाकून बदलणं. हा नाद सध्या मुख्यतः 'सिटीज : स्कायलाइन्स' या गेमभोवती आहे म्हणून खालची मापं त्याच्या पहिल्या भागाची धरलीत. रूळ कसा ओढायचा, स्टेशन कुठल्या बटणाखाली असतंय हे गेम स्वतःच दहा मिनिटांत शिकवतो, त्यात इथं जागा घालवत नाही.

उगम : याबद्दल एकमत नाही. एक पक्ष म्हणतो मूळ मॉडेल रेल्वेत, म्हणजे घरात मांडायच्या छोट्या चालत्या रेल्वेत शोधा. जर्मनीतल्या मेर्क्लिन कंपनीनं १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), एकाला एक जोडत वाढवता येणारे खेळण्यातले रूळ मांडले आणि रेल्वे विकत आणायची वस्तू न राहता घरात 'वाढवत न्यायची' गोष्ट झाली. (त्याच साली २१ एप्रिलला मिरज-कोल्हापूर लाइन सुरू झाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण कोल्हापूरकरानं नोंद लिहायची आणि हे सांगायचं नाही म्हणजे जरा अवघडच.) या पक्षाचे लोक अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मॉडेल रेल्वे क्लबचा दाखला हमखास देतात, १९४६ चा क्लब, तिथली पोरं टेबलाखालच्या सिग्नलच्या वायरिंगवरून कॉम्प्युटरकडं वळली वगैरे. दाखला खरा आहे, पण तो कॉम्प्युटरच्या इतिहासाला लागू पडतो, गेममधल्या रुळांना तेवढा नाही.

दुसरं मत 'ट्रान्सपोर्ट टायकून'चं. क्रिस सॉयरचा हा गेम १९९४ चा, आणि सिग्नल लावून एकाच रुळावर अनेक गाड्या खेळवायचं डोकं लोकांना लागलं ते इथंच, हे मान्य करायला पाहिजे. २००४ पासून 'ओपनटीटीडी' या मोफत अवतारात तो अजून जिवंत आहे. पण त्यातली लाइन चौकटीच्या जमिनीवर कोनात वळते आणि गाडी कॅप्सूलच्या पाकिटासारखी दिसते, म्हणजे कारभार खरा, रूप खोटं.

तिसरं मत 'सिमसिटी' या शहर उभारायच्या जुन्या गेमच्या बाजूनं जातं. १९८९ च्या पहिल्या सिमसिटीत रूळ म्हणजे जमिनीवरचा एक चौकोन, त्यावर गाडी दिसली तर दिसली. २००३ ला 'सिमसिटी ४' आला आणि साधारण वर्षभरात खेळणाऱ्यांनीच 'नेटवर्क अ‍ॅडऑन मॉड' काढला, ज्यात रुंद वळणं आली, तिरक्या लाइनी आल्या, आणि पुढं 'रिअल रेल्वे' नावाच्या भागात मूळचे जाडजूड रूळ काढून बारीक, मापाचे रूळ आले. आजच्या अर्थानं रेल्वे-बांधणी इथून धरणं जास्त सयुक्तिक वाटतं, कारण 'गेमचा रूळ चुकीचा आहे, आपण बदलू' ही भूमिका पहिल्यांदा इथं ठळक दिसते, आधीच्या दोन्हीत माणूस मिळालेल्या रुळातच हुशारी करत होता.

पुढची कथा माहितीची आहे. २०१३ च्या सिमसिटीनं शहराला जेमतेम २ किमी बाय २ किमी जागा दिली, लोक वैतागले, आणि १० मार्च २०१५ ला फिनलंडच्या कोलोसल ऑर्डरचा 'सिटीज : स्कायलाइन्स' आला. या कंपनीनं आधी 'सिटीज इन मोशन' हे सार्वजनिक वाहतुकीचेच गेम केले होते तरी सुरुवातीची रेल्वे साधीच होती, पण मॉडला दार उघडं ठेवलं होतं आणि तिथून सगळं घडलं.

मापं : इथं थोडं थांबावं लागतं, कारण बहुतेकांची रेल्वे खोटी दिसते ती मॉडेलमुळं नाही, मापामुळं. गेममधला एक चौकोन ८ मीटरचा, एक टाइल २४० चौकोनांची म्हणजे १.९२ किमी, आणि अख्खा नकाशा ९ बाय ९ टाइल, म्हणजे एका बाजूनं १७.२८ किमी (मूळ गेम यातल्या ९ च टाइल देतो, बाकीच्यांसाठी ८१ टाइलचा मॉड टाकतात). मिरज-कोल्हापूर साधारण ४७-४८ किमी. म्हणजे एकास एक मापानं कोल्हापूर, गुळ मार्केट, वळिवडे, पंचगंगेचा पूल, रुकडी एवढं बसतं आणि जयसिंगपूर-मिरज नकाशाच्या बाहेर जातं.

आता गाडी बघा. एलएचबी डबा (आपल्या एक्स्प्रेस गाड्यांचा नव्या धाटणीचा डबा) २४ मीटरचा, २४ डबे म्हणजे ५७६ मीटर, वर डब्ल्यूएपी-७ हे विजेवरचं इंजिन, झाले जवळजवळ ६०० मीटर, म्हणजे ७५ चौकोन. गेमचं मूळ स्टेशन याच्या जवळपासही जात नाही. म्हणून बहुतेकजण आठ-दहा डब्यांवर तडजोड करतात, आणि ती शहाणपणाची आहे.

वळणाचा हिशेब आपल्याकडं डिग्रीत असतो, १७५० ला त्रिज्येच्या मीटरनं भागायचं. ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० डिग्री, म्हणजे त्रिज्या १७५ मीटर, म्हणजे साधारण २२ चौकोन. गेम याच्यापेक्षा कितीतरी आखूड वळण आनंदानं घेऊ देतो आणि मग एक्स्प्रेस गाडी रिक्षासारखी वळते. चढाचंही तसंच. सपाट मुलखात १ इन १५० चा (दीडशे मीटरला एक मीटर) चढ धरला आणि रस्त्यावरून १२ मीटर वर जायचं ठरवलं (गेमची उंचीची मोठी पायरी १२ मीटरचीच आहे) तर १८०० मीटर लागतात, २२५ चौकोन, जवळजवळ एक अख्खी टाइल एका चढात संपली. हे एकदा कागदावर मांडलं की कळतं खऱ्या शहरात रेल्वे सहसा जागची हलत नाही, रस्ताच वर नाहीतर खाली जातो. कोल्हापुरातला पारिख पूल हे त्याचं घरचं उदाहरण, वरून रूळ, खालून रस्ता, आणि पावसाळ्यात त्या खालच्या रस्त्याचं काय होतं हे राजारामपुरीकडच्या कुणालाही विचारा. गेममध्ये नवखा माणूस हमखास उलटं करतो, रस्ता सरळ ठेवून रेल्वेला उंटासारखी पाठ काढतो.

सांधे, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो त्या जागा, हा यातला सगळ्यात किचकट भाग. आपल्याकडं यार्डात (गाड्या उभ्या करायच्या, जोडायच्या जागेत) १ इन ८.५ आणि मेन लाइनला १ इन १२ चे सांधे असतात, म्हणजे रूळ फुटतो तो कोन ५ ते ७ अंशांच्या आसपास. गेममध्ये हातानं लाइन जोडली की कोन ३०-४० अंशांचा सहज होतो आणि मधल्या जोडाच्या जागी खडी, स्लीपर, वरची तार सगळं एकमेकांत घुसून चिखल होतो. त्यावर 'मूव्ह इट' मॉडनं एकेक जोड मीटर-अर्धा मीटर सरकवायचा, 'नोड कंट्रोलर'नं जोडाची लांबी वाढवायची, खांब आणि तारा 'नेटवर्क स्किन्स'नं काढायच्या किंवा बदलायच्या, असा क्रम चालतो. एका चार लाइनींच्या यार्डाला दोन रविवार जातात, तेही घरात पाहुणे नसतील तर. शिवाय रूळ, रस्ते, पाण्याच्या पाइप, विजेच्या लाइनी सगळ्यांना मिळून ३२,७६८ जोड आणि (दोन जोडांमधले) ३६,८६४ तुकडे एवढीच मर्यादा आहे, त्यामुळं यार्ड फार सजवलं की शहराला पाइप कमी पडतात.

टर्मिनसचा प्रश्न : याची चर्चा व्हायला पाहिजे तेवढी होत नाही. कोल्हापूर (छत्रपती शाहू महाराज टर्मिनस) हे शेवटचं स्टेशन, पुढं लाइन नाही, ती पुढं कोकणात वैभववाडीपर्यंत नेण्याची चर्चा आमच्या लहानपणापासून ऐकतोय. अशा ठिकाणी गाडी आली की इंजिन सुटतं, मोकळ्या लाइनवरून मागं जातं आणि दुसऱ्या टोकाला जोडतं. गेमला हे माहितीच नाही. गेममधली गाडी टर्मिनसला आली की आहे तशीच उलटी निघते, शेवटचा डबा पुढं आणि इंजिन मागून ढकलतंय. महालक्ष्मी एक्स्प्रेस हौसेनं बनवून कोल्हापुरातून सोडली आणि ती गार्डाच्या डब्याचं तोंड पुढं करून मिरजेकडं निघाली तर बघवत नाही.

यावर उपाय निघालेत, सगळे थोडे थोडे खोटे. पहिला, दोन्ही टोकांना इंजिन लावायचं, मागचं उलट्या तोंडाचं. गेमच्या स्वतःच्या प्रवासी गाडीतही हीच युक्ती आहे. दुसरा, बफरच्या (लाइन संपते तिथल्या अडसराच्या) पुढं रूळ गुपचूप बोगद्यात उतरवून जमिनीखाली गोल फिरवून परत आणायचा, वरून बघणाऱ्याला टर्मिनस दिसतं आणि गाडी मात्र खालून चक्कर मारून सरळ तोंडानं येते. प्रस्तुत नोंदकर्ता दुसरा वापरतो आणि त्याची लाजही वाटते, कारण भूगोल फसवला जातो, तरी इंजिन पुढं राहतं. तिसरा उपाय काळानंच दिला : वंदे भारतला दोन्हीकडं केबिन असते, ती उलटी निघाली तरी बरोबरच दिसते, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून पुणे-कोल्हापूर वंदे भारत चालू झाल्यामुळं आता स्टेशनात एक तरी गाडी अशी आहे की जिच्यासाठी फसवाफसवी लागत नाही.

एकेरी लाइन : मिरज-कोल्हापूर एकेरी आहे, गेमचा मूळ रूळ मात्र दुहेरी. एकेरी रूळ टाकून दोन्ही बाजूंनी गाड्या सोडल्या की दोघी मधे समोरासमोर येऊन थांबतात आणि मग अख्खं शहर थांबतं, कारण मागं मालगाड्यांची रांग लागते. खऱ्या रेल्वेत हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच सुटलाय, दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी, आणि त्या परवानगीची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हातात टोकन. आपल्याकडं बरीच वर्षं हे टोकन म्हणजे लोखंडी गोळा असायचा, चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या रिंगला अडकवलेला, न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून तो धावत्या गाडीतून उचलायचा. गोळा यंत्रात परत पडल्याशिवाय दुसरा निघायचा नाही, म्हणून दुसरी गाडीही निघायची नाही. 'सिंगल ट्रेन ट्रॅक एआय' नावाचा मॉड नेमकं हेच करतो, फक्त गोळा दिसत नाही. त्याच्या जोडीला क्रॉसिंगसाठी मधल्या स्टेशनांवर लूप लाइन (एक गाडी बाजूला थांबवून दुसरी जाऊ द्यायचा जादा रूळ) दिलीच पाहिजे, नाहीतर मॉड असूनही कोंडी होते. बाहेरच्या जगातून येणाऱ्या मालगाड्या वेगळ्या लाइनवर काढणं हा त्यातला अर्धा इलाज आहे आणि तो मॉडशिवाय होतो.

मॉडेल आणि गेज : इंजिन-डबे बहुधा ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात, एक एकक म्हणजे एक मीटर. रंगाचं चित्र, उठावाचं चित्र, चमकेचं चित्र वेगवेगळ्या फायलींत जातं आणि नावापुढं डी, एन, एस असं एकेक अक्षर लावावं लागतं, ते चुकलं की डबा पांढराफटक येतो. लांबून दिसण्यासाठी दुसरं हलकं मॉडेलही द्यावं लागतं, नाहीतर कॉम्प्युटर कुथायला लागतो.

वाद आहे तो गेजचा. गेमचा रूळ साधारण १४३५ मिमीच्या परदेशी गेजचा, आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. फरक २४१ मिमी, म्हणजे खऱ्या मापाचं डब्ल्यूएपी-७ ठेवलं तर प्रत्येक बाजूचं चाक रुळाच्या बाहेर १२ सेंटिमीटर. एक गट चाकं आत ओढून घेतो, डबा तेवढाच ठेवतो. दुसरा गट रूळच १६७६ चा नवीन बनवतो. दुसरं काम मोठं आहे, कारण मग पूल, बोगदे, स्टेशन, सांधे सगळंच नव्यानं करावं लागतं, पण शेवटी तेच नीट दिसतं असं नम्रपणे नमूद करतो. ज्याला १८९१ चं कोल्हापूर करायचंय त्याची अडचण उलटी, ती लाइन मीटरगेज होती (१००० मिमी) आणि ब्रॉडगेज झाली १९७०-७१ च्या सुमारास, म्हणजे त्याला रूळ आत घ्यावा लागतो. जुना काळ करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं : 'शाहू महाराजांनी रेल्वे आणली' असं आपण सरसकट म्हणतो, पण १८८८ मध्ये कामाचा मुहूर्त त्यांच्या हातून झाला तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते आणि राज्याभिषेक १८९४ चा, म्हणजे लाइन सुरू झाली तेव्हा कारभार अजून त्यांच्या हाती आलेला नव्हता. वळिवडे स्टेशन १९४३ ते ४८ या काळाचं करणाऱ्यानं शेजारी पोलंडच्या निर्वासितांची वसाहत दाखवायला विसरू नये.

पाणी : या गेममधलं पाणी खरंखुरं वाहतं, हे रेल्वेवाल्यांच्या उशिरा लक्षात येतं. रुकडीजवळचा पूल करताना खांबांचा खर्च वाचवायला नोंदकर्त्यानं नदीच्या दोन्ही काठांना लांबच्या लांब भराव टाकला आणि मधे तीनच गाळे ठेवले. गेममधल्या दोन दिवसांत पाणी भरावाला तुंबलं, मागं फिरलं आणि वळिवड्याचा फलाट बुडाला. २०१९ चा पूर डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको होतं. भराव काढून त्या जागी गाळे वाढवले तेव्हा पाणी उतरलं, फलाटावरची झाडं मात्र परत लावावी लागली.

दुसरा भाग : 'सिटीज : स्कायलाइन्स २' हा २४ ऑक्टोबर २०२३ चा. यात ४४१ टाइल आणि सुमारे १५९ चौकिमी जागा आहे, एकेरी आणि दुहेरी रूळ मूळातच मिळतात, मॉड मात्र स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाऐवजी पॅराडॉक्स या प्रकाशक कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणाहून घ्यावे लागतात. बाहेरून बनवलेले डबे-इंजिन टाकायची सोय सुरुवातीला नव्हती, त्यामुळं भारतीय गाड्या करणारे बरेचजण पहिल्या भागावरच राहिले.