डोमेन नाव आणि शोधयंत्रातील क्रम

डोमेन नाव म्हणजे संकेतस्थळाचा लक्षात ठेवण्याजोगा पत्ता. इंटरनेटला जोडलेले संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला ते आकडे पाठ ठेवायला लागू नयेत म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नाम प्रणाली मांडली. सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. तेव्हा गूगलसारखे शोधयंत्रच नव्हते, त्यामुळे नावाचा आणि शोधनिकालातल्या क्रमाचा संबंध लावायचे कारण नव्हते.

पुढे तो संबंध लावला गेला. लोक जे शब्द शोधतात तेच जसेच्या तसे डोमेनमध्ये घालायचे, अशी पद्धत पडली. तिला ‘एक्झॅक्ट मॅच डोमेन’ म्हणतात. ‘पुणे-फ्लॅट-भाड्याने’ असे नाव घेतले की हे शब्द शोधणाऱ्यांना आपण वर दिसू, हा हिशेब. काही वर्षे तो चालला, आणि त्याला कारणही होते. दुसऱ्या संकेतस्थळावरून दुवा देताना लोक सहसा नावच लिहितात. नावातच शोधशब्द असले की प्रत्येक दुव्यात ते आपोआप येत, आणि दुव्यातल्या शब्दांना शोधयंत्र वजन देई. आत मजकूर फुटकळ असला तरी अशी पाने वर चढत. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने हे रोखणारा बदल केला. गूगलच्या स्पॅमविरोधी गटाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जाहीर केल्याप्रमाणे अमेरिकेतल्या सुमारे ०.६ टक्के इंग्रजी शोधांवर त्याचा परिणाम झाला. नावात शोधशब्द असणे हा तेव्हाही गुन्हा ठरला नाही. नावापलीकडे काहीच नसलेली पाने खाली गेली. आज गूगलच्या प्राथमिक मार्गदर्शिकेतच म्हटले आहे की डोमेनमधल्या शोधशब्दांचा क्रमावर जवळजवळ काहीही परिणाम होत नाही. तरीही ‘नावात कीवर्ड हवाच’ हा सल्ला अजून पैसे घेऊन दिला जातो. नवीन व्यवसाय सुरू करणाऱ्यांचे त्यात नुकसान होते.

नावाच्या शेपटीचेही तसेच. डॉट गुरू, डॉट शॉप यांना डॉट कॉमपेक्षा कमी किंवा जास्त गुण मिळत नाहीत. देशाच्या शेपटीला मात्र अर्थ आहे: डॉट इन पाहून गूगल ते संकेतस्थळ भारतातल्या वाचकांसाठी आहे असे धरते. गिऱ्हाईक इथलेच असेल तर हे सोयीचे. परदेशातल्या मराठी मंडळींसाठीच काही करायचे असेल, तर डॉट कॉम बरे.

मग नाव निवडायचे कशावर? ऐकलेले नाव माणसाला न चुकता टाइप करता येते का, यावर. मराठी नावांची खरी अडचण इथेच आहे. डोमेन बहुधा रोमन लिपीत घेतले जाते आणि रोमन मराठीला ठरलेले शुद्धलेखन नाही. ‘वडापाव’चा व कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. ‘पाटील’मध्ये एक आय की दोन ई? ळ तर रोमनमध्ये उरतच नाही. ‘माळ’ आणि ‘माल’ ही एम-ए-एल याच तीन अक्षरांत येतात. फोनवर पत्ता सांगताना ‘व्ही फॉर व्हिक्टर’ म्हणावे लागत असेल, तर ते नाव बदलावे किंवा दोन्ही स्पेलिंगे नोंदवून एक दुसऱ्याकडे वळवावे. माणसे नाव घेऊन शोधू लागली की पहिल्या जागेसाठी झगडावे लागत नाही.

यावरचा सरळ उपाय देवनागरी डोमेन. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ सुरू झाले. मराठी आणि कोंकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या ८ भाषांसाठी. पडद्याआड मात्र यंत्रणा रोमन अक्षरे, आकडे आणि हायफन एवढेच जाणते, म्हणून ‘भारत’चे रूपांतर ‘एक्सएन, दोन हायफन, एच२बीआरजे९सी’ असे होते. पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बरेचदा हीच अगम्य अक्षरे उमटतात, आणि पाहणारा दुव्याला हात लावायला कचरतो. गूगल दोन्ही रूपे एकच मानते, म्हणजे क्रमात तोटा नाही. अडचण आहे ती ईमेलची: अनेक फॉर्म देवनागरी पत्ता अजूनही नाकारतात. तोवर दोन्ही लिप्यांत नाव घेणे शहाणपणाचे.

जुने, सोडून दिलेले नाव विकत घेताना वेबॅक मशीनवर, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, त्याचा इतिहास पाहावा. आधीच्या मालकाने त्यावर जुगाराची पाने चालवली असतील, तर तो वारसा नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो. जुन्या नावाच्या पुण्याईवर भलताच मजकूर वर चढवणे गूगलने मार्च २०२४ पासून स्पॅम ठरवले आहे.

चालू संकेतस्थळाचे नाव बदलायचेच झाले तर प्रत्येक जुने पान त्याच्या नव्या जोडीदाराकडे ३०१ या कायमच्या पुनर्निर्देशनाने वळवावे लागते. सगळी पाने नव्या मुखपृष्ठावर ढकलणे ही नेहमीची चूक. सर्च कन्सोल या संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात पत्ताबदल कळवावा आणि पुनर्निर्देशन किमान वर्षभर ठेवावे, असे गूगल सांगते. जुन्या नावाचे नूतनीकरण त्यानंतरही चालू ठेवावे. छापलेल्या पावत्यांवर आणि लग्नपत्रिकांवर ते बराच काळ जिवंत असते.