कॉलेज बेसबॉल : मोसमातले सर्वोत्तम कोण ठरवतं?

जून उजाडला की अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या ऑल-अमेरिका याद्या, म्हणजे प्रत्येक जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या याद्या, एकामागून एक बाहेर पडतात आणि नेहमीचा वाद सुरू होतो. एका यादीतला फर्स्ट टीमचा (पहिल्या पसंतीच्या संघाचा) शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, दुसरीत थर्ड टीमवर असतो. कारण साधं आहे, निवडणारे वेगळे. फुटबॉलची अशी यादी १८८९ मध्येच निघाली होती. बेसबॉलला मात्र प्रशिक्षकांच्या संघटनेची यादी मिळायला १९४९ उजाडलं. पुढे वर्तमानपत्रं, नियतकालिकं, लेखकांची संघटना आणि अलीकडे संकेतस्थळं अशी भर पडत गेली.

एकाच खेळाडूला उचलून धरणारे आजचे दोन मोठे सन्मान त्यामानाने तरुण आहेत. गोल्डन स्पाइक्स १९७८ पासून, हाऊझर ट्रॉफी १९८७ पासून. गोल्डन स्पाइक्स कागदोपत्री देशातल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूसाठी आहे, पण व्यवहारात तो कॉलेजचाच सन्मान झाला. त्याचा पहिला मानकरी ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा. मायनर लीगची, म्हणजे खालच्या व्यावसायिक स्तराची, पायरीही न चढता तो त्याच उन्हाळ्यात थेट मेजर लीग या सर्वोच्च स्तरावर खेळला आणि वर्षाअखेर तिथला सर्वोत्तम नवोदितही ठरला. सन्मानाचं वजन वाढायला एवढं पुरेसं होतं.

खरा घोळ १९८८ चा. वॉशिंग्टन स्टेटच्या एका डावखुऱ्या खेळाडूने त्या मोसमात पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून १५ सामने जिंकले, एकही हरला नाही. तोच फर्स्ट बेसवर खेळून .४६४ च्या फलंदाजी सरासरीने (दर हजारी ४६४ हिट, म्हणजे यशस्वी फटके) २३ होमरही (मैदानाबाहेर धाडलेले फटके) मारून गेला. दोन्ही सन्मान मात्र ओक्लाहोमा स्टेटच्या थर्ड बेसमनला मिळाले. आदल्या वर्षी सलग ५८ सामन्यांत हिट मारून त्याने देशभर नाव कमावलं होतं. १९८८ मध्येही त्याचे २६ होमर होते, तेव्हा निवड अगदीच तर्कहीन म्हणता येत नाही. एका नियतकालिकाने तेवढं डावखुऱ्याला वर्षाचा खेळाडू ठरवलं. माझं मत त्या नियतकालिकाच्या बाजूने आहे. एका बाजूला फक्त बॅट, दुसऱ्या बाजूला बॅट आणि अपराजित पिचिंग; ५८ सामन्यांची पुण्याई पुढच्या वर्षीच्या हिशोबात का धरायची?

दोन्ही कामं करणाऱ्याला बसवायचं कुठे, हा प्रश्न त्यानंतरही सुटला नाही. कॉलेजच्या नियमांत पिचरला स्वतःचाच डीएच (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) होता येतं, माऊंड (पिचरची जागा) सोडल्यावरही त्याची बॅटिंग सुरू राहते. त्यामुळे असे खेळाडू इथे तयार होत राहतात. याद्यांनी त्यांच्यासाठी 'युटिलिटी' नावाची जागा काढली. पण हाच शब्द गरजेप्रमाणे चार ठिकाणी उभं राहणाऱ्या राखीव खेळाडूसाठीही चालतो, त्यामुळे संघातला सर्वांत दुर्मीळ माणूस यादीच्या तळाला, उरल्यासुरल्यांत जाऊन बसल्यासारखा दिसतो. २०१० मध्ये दुहेरी खेळाडूंसाठी वेगळाच पुरस्कार निघाला, तोही त्या डावखुऱ्याच्याच नावाने. २०१७ मध्ये लुईव्हिलच्या एका दुहेरी खेळाडूने हा पुरस्कार तिसऱ्यांदा मिळवला आणि त्याच मोसमात गोल्डन स्पाइक्स व हाऊझर दोन्ही नेले.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी हवी. १९७४ पासून कॉलेजमध्ये ॲल्युमिनियमची बॅट चालते. २०११ मध्ये बॅटचे निकष कडक झाले आणि होमर एकदम आटले. तेव्हा १९८८ चे २६ आणि २०१२ चे २६ एका तराजूत घालू नयेत. २०२० चा मोसम मार्चमध्येच बंद पडला, त्या वर्षी गोल्डन स्पाइक्स दिलाच गेला नाही.

२०२३ मध्ये एलएसयूच्या (लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या) पिचरला हाऊझर आणि त्याच संघाच्या आउटफिल्डरला गोल्डन स्पाइक्स अशी वाटणी झाली. पिचरने मोसमात २०९ फलंदाज स्ट्राइकआउट केले होते. ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, दोघे पहिला आणि दुसरा गेले. एकाच कॉलेजचे पहिले दोन, असं तोवर कधी झालं नव्हतं. गंमत म्हणजे हा पिचर आधीच्या कॉलेजात कॅचिंग (फलंदाजामागे बसून पिचरचे चेंडू झेलणं) आणि बॅटिंगही करायचा. एलएसयूत येऊन त्याने बॅट खाली ठेवली.

२०२४ मध्ये जॉर्जियाच्या फलंदाजाने ३७ होमर मारून दोन्ही सन्मान घेतले, तर ३५ होमरबरोबर पिचिंगही करणारा फ्लोरिडाचा खेळाडू मागे राहिला. लगेच १९८८ चा दाखला निघाला. पण फ्लोरिडावाल्याचं पिचिंग त्या मोसमात बेताचंच होतं आणि जॉर्जियावाल्याची सरासरी होती .४३३. इथे निवड करणारे चुकले असं म्हणवत नाही.