बालवयातील लठ्ठपणा आणि घरचे वातावरण

लठ्ठ आईवडिलांची मुले लठ्ठ होण्याचा संभव अधिक असतो, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो हे रक्तातून येते की स्वयंपाकघरातून, याचा. डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींच्या १९८६ च्या अभ्यासात त्यांच्या शरीरयष्टीचा जन्मदात्यांशी स्पष्ट संबंध दिसला, वाढवणाऱ्या आईवडिलांशी मात्र दिसला नाही. तेवढ्यावरून घर निर्दोष ठरवणे घाईचे होते.

इंग्लंड-वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या ‘जेमिनी’ अभ्यासाने प्रश्नाची मांडणीच बदलली. मुले चार वर्षांची असताना ९२५ कुटुंबांत घरात कोणते खाणे असते, हालचालीला किती वाव आहे, टीव्ही किती चालतो, याची विचारपूस झाली. वजनवाढीला पोषक घरांत मुलांच्या देहभार निर्देशांकाची (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) आनुवंशिकता ८६ टक्के निघाली, तर उरलेल्या घरांत ३९ टक्के. मुलामुलांतल्या फरकात जनुकांचा वाटा किती, ते हे आकडे सांगतात. एकेका मुलाचे ८६ टक्के वजन जनुकांमुळे, असा त्यांचा अर्थ लावू नये. जनुके बऱ्याच अंशी भुकेमार्फत काम करतात. पोट भरल्याची जाणीव उशिरा होणारे मूल ओट्यावर फरसाणाचा डबा दिसला की हात घालते. डबाच नसेल तर तीच जनुके असूनही फारसे बिघडत नाही.

म्हणून डबा कुलपात ठेवावा, असे मात्र नाही. लिअॅन बर्च व जेनिफर फिशर यांच्या १९९९ मधील प्रयोगांत समोर दिसणाऱ्या पण मनाई केलेल्या खाऊकडेच मुलांचे लक्ष अधिक गेले. शिवाय मूल जाड दिसू लागले म्हणूनही पालक हात आखडता घेतात, त्यामुळे कारण कोणते नि परिणाम कोणता, हे सांगणे अवघड होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. मराठी घरांत गुबगुबीत मूल अजूनही ‘खात्यापित्या घरचे’ म्हणून कौतुकाचा विषय असते आणि ‘ताट स्वच्छ कर’ हा आजीचा हुकूम आईलाही मोडवत नाही.

उपचारांतही एकट्या मुलाला पथ्यावर बसवून भागत नाही. लेनर्ड एपस्टाइन यांच्या अमेरिकेतील चाचणीत ज्या गटात वजन घटवण्याचे उद्दिष्ट मूल व पालक दोघांसमोर ठेवले होते, त्यातील मुलांच्या जादा वजनाचे प्रमाण १० वर्षांनंतरही सुरुवातीपेक्षा कमी राहिले. तुलनेसाठीच्या गटात ते वाढले होते.