सीआरपी वाढलंय, म्हणजे अल्झायमर?

सोलापुरात अशोक चौकाजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीने मे महिन्यात विचारलं, "नंदीध्वज निघाले का रे?" नंदीध्वज ज्या गड्डा यात्रेत निघतात, ती जानेवारीतच होऊन गेलेली. शेजारी म्हणाले, म्हातारचळ. मावसभाऊ लॅबचा रिपोर्ट घेऊन आला. सीआरपी वाढलेलं. "म्हणजे अल्झायमरच ना, दादा?"

तसं नसतं. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह झाला, की इंटरल्यूकिन-६ हा रेणू यकृताला निरोप देतो आणि सीआरपी रक्तात वाढतं. हिरड्या सुजल्या, लघवीत जंतुसंसर्ग झाला, तरी आकडा चढतो. दाह आहे हे त्यातून कळतं, कुठे आहे ते नाही.

अल्झायमरमध्ये मेंदूत दाह असतो, हे मात्र खरं. अमायलॉइड या प्रथिनाचे साठे दिसले की मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशी त्यांना घेरून साफसफाई करू लागतात. हे वर्षानुवर्षं चाललं, की त्यांनी सोडलेल्या रसायनांनी चेतापेशींचंच नुकसान होतं. मायक्रोग्लियाच्या कामाशी निगडित ट्रेम-२ जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो, हे २०१३ साली समोर आलं. म्हणजे दाह हा रोगाचा नुसता परिणाम नाही, रोग घडवण्यातही त्याचा हात आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

मेंदूच्या जास्त जवळचा रक्तातला खुणेचा रेणू म्हणजे जीएफएपी. तो मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींतून येतो आणि अमायलॉइड साचू लागल्यावर लवकर वाढतो. पण डोक्याला मार लागला तरी वाढतोच! म्हणून निदानासाठी रक्तातल्या पी-टाऊ २१७ या प्रथिनावर अधिक भर आहे.

मग सीआरपी अगदीच निरुपयोगी? होनोलुलूतल्या पुरुषांच्या अभ्यासात, मध्यमवयात ज्यांचं सीआरपी जास्त होतं त्यांच्यात २५ वर्षांनंतर स्मृतिभ्रंश अधिक आढळला. तरी दाहशामक गोळ्या रोज घेऊ नका. नॅप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन केलेल्या चाचणीत अल्झायमर टळला नाही.

मावशीचा गोंधळ दोनच दिवसांत सुरू झाला होता, आणि तिथेच मला शंका आली. अल्झायमर हळूहळू येतो. लघवी तपासली, संसर्ग निघाला. औषधाने आठवड्यात ती बरीच भानावर आली. पण नातवंडांची नावं ती गेलं वर्षभर चुकतेय, म्हणून बी-१२ आणि थायरॉइड तपासून पुढच्या आठवड्यात तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेतोय.